पाणी आधी

पहाटे पाचला विटा डेपोतून स्वारगेट गाडी सुटते,
आणि तिच्यासोबत माझी बायको, खाकी कपड्यात, गळ्यात तिकिटाचं मशीन.
असे शर्वरीचे केस माझ्या वाटणीला आले.

केस कसले, बाभळीचं बेट.
बाईंनी डायरीत लिहिलं, वेणी घट्ट घालावी.
मी घट्ट घातली. मधल्या सुट्टीच्या आत
कानांवर कुरळ्या तारा पुन्हा उभ्या.

मला एवढंच ठाऊक, कोरडं दिसलं की तेल.
सहा महिने ओतलं.
अभ्रा तेलकट, दप्तराचा पट्टा तेलकट,
कपाळ तर समईसारखं,
आणि केस फणीत कडाकडा तुटायचे
चैतातल्या कडब्यासारखे.

वैजू म्हणाली, तेल पाजतोयस कुणाला?
कऱ्हाडपर्यंत तिच्यामागच्या सीटवर
कॉलेजच्या दोन पोरी हेच बोलत आल्या होत्या.
तिनं कोऱ्या रोलचा तुकडा फाडून लिहून आणलं :
पाणी आधी. तेल मागून. उलटं नाही.
तो आरशाला चिकटवला. अजून आहे.

उलटं का नाही, ते कळायला
मला माझाच धंदा आठवावा लागला.

बावीस वर्षं गलाई. आधी सेलम, मग राजमहेंद्री,
शेवटी छातीत धूर बसला तेव्हा गाव.
आमच्यात ओल म्हणजे वैरीण.
मुशीत थेंब राहिला तर सोनं उडून तोंडावर येतं.
मूस तापवा, साचा तापवा, चिमटा तापवा,
मग बोला.
पण रस झाला की वरून चिमूटभर टाकणखार.
तो वितळतो, काचेसारखा पसरतो,
सोन्यात गुंजेचीही भर घालत नाही,
फक्त वारं लागू देत नाही.

म्हणजे तेल हा टाकणखार होय!
न्हाणीत मी मोठ्यानं बोललो.
पप्पा, डोळ्यात पाणी जातंय, शर्वरी म्हणाली.

आता रविवारी पंचानं रगडणं बंद.
माझ्या जुन्या बनियनमध्ये नुसते दाबायचे,
ठिबकणं थांबावं, पण ओल हाताला लागावी,
झाकून ठेवलेल्या कणकेला असते तेवढी.
थंडीत खोबरेल गोठतं,
बाटली काखेत धरून मी बसतो, ती हसते.
त्यात दोन थेंब एरंडेल.

माझी बोटं तेजाबानं पिवळी, कडेला भेगा.
रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही,
दुकानदार म्हणतो, पुसून लावा, पुसून लावा.
पण भेगेत केस बरोबर अडकतो
आणि ती 'स्स' करते.
म्हणून पहिलं तेल बोटांना.
मग टोकांना, तेच सगळ्यात जुने केस,
ती बालवाडीत होती तेव्हाचे,
मी तिथे नव्हतो तेव्हाचे.
त्यांच्यावर हात जरा जास्त वेळ फिरतो.
मग वर. टाळूला नाही.
चार बटा करायच्या म्हटलं की पाच होतात.

काल सोमवार. दिवसभर वारं,
पठारावरच्या पवनचक्क्या भणाणत होत्या,
शाळेत खो-खो झाला, एक रिबीन हरवली.
संध्याकाळी वेणी सोडायला घेतली,
वरून कोरडी, धुळीनं भुरकी.
पेडांच्या मध्ये बोट घातलं, खोल,
जिथं तीन बटा एकमेकींना धरून असतात.

गार.

पुन्हा घालून पाहिलं. शर्वरी म्हणाली, काय झालं?
मी फोन लावला.
मागं इंजिनाची घरघर, कुणाचं तरी लेकरू रडत होतं.
म्हटलं, वैजू, आत ओल आहे अजून.
ती म्हणाली, पुढं सरका, दारात थांबू नका,
अतीत कोण उतरणार?
आणि मग, आवाज खाली घेऊन,
खरंच?